हॅरिस पार्क, सिडनी: भाडेकरूंच्या उपनगराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून नाहीतर नाशिकहून कुणाचा तरी भाचा सिडनीला निघालेला असतो, आणि कुणीतरी त्याला माझा नंबर देतं. मी हॅरिस पार्कात चार वर्षं, तीन वेगवेगळ्या पत्त्यांवर काढली. आता तिथून थोडा पश्चिमेला सरकलो आहे, पण प्रश्न अजून तिथलेच येतात. दर वेळी व्हॉट्सॲपवर तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतो.

हॅरिस पार्क नेमकं कुठे येतं?

सिडनीच्या मुख्य शहरापासून पश्चिमेला साधारण वीस किलोमीटरवर, पॅरामॅटा या मोठ्या उपनगराला अगदी खेटून. पिनकोडसुद्धा पॅरामॅटाचाच, २१५०. सगळं उपनगर एक चौरस किलोमीटरही भरत नाही, जेवण झाल्यावर शतपावलीत पालथं घालता येतं. स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे. तिथे टी-२ आणि टी-५ मार्गांच्या गाड्या थांबतात, मुख्य शहरात जायला पाऊण तासाच्या आसपास लागतो. घाई असेल तर लोक दहा-पंधरा मिनिटं चालत पॅरामॅटा स्टेशन गाठतात आणि तिथून जलद गाडी पकडतात. नवीन माणसाला ही युक्ती पहिल्या आठवड्यात कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगितली.

नाव कुणावरून पडलं?

डॉ. जॉन हॅरिस या लष्करी शल्यचिकित्सकावरून. मूळ भूमी दारुग या इथल्या आदिवासी लोकांच्या बुरामट्टागल कुळाची. १७९२ मध्ये वसाहतीच्या सरकारने जेम्स रूस या शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला इथे तीस एकर जमीन दिली. त्याने ती पुढच्याच वर्षी हॅरिसला विकली. म्हणजे वसाहतीतल्या पहिल्या जमीन-अनुदानाचा मालकही इथे फार टिकला नाही! हॅरिसचं ‘एक्सपेरिमेंट फार्म कॉटेज’ रूस स्ट्रीटवर अजून उभं आहे आणि नॅशनल ट्रस्ट ते सांभाळतो. शेजारच्या रोझहिलमध्ये १७९३ चं एलिझाबेथ फार्म आहे, ते ऑस्ट्रेलियातलं सर्वांत जुनं टिकून राहिलेलं युरोपीय घर मानलं जातं.

‘लिटल इंडिया’ हे अधिकृत नाव आहे का?

उपनगराचं नाव हॅरिस पार्कच आहे, लीजवर आणि लायसन्सवर तेच लिहायचं. मे २०२३ मध्ये पंतप्रधान मोदी सिडनीला आले तेव्हा ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अल्बनीझी यांच्यासोबत ‘लिटल इंडिया’ प्रवेशद्वाराच्या कोनशिलेचं अनावरण झालं. त्या वेळच्या भाषणात मोदींनी इथल्या चाटचा आणि जिलबीचा उल्लेख केला. त्या रात्रीपासून भारतातल्या सगळ्या काकांना हॅरिस पार्क माहीत झालं.

तिथे राहतं कोण?

२०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास भरली. त्यातले निम्म्याच्या जवळपास लोक भारतात जन्मलेले. धर्म हिंदू सांगणाऱ्यांचं प्रमाणही निम्म्याच्या घरात. अख्ख्या देशात हेच प्रमाण २.७ टक्के आहे. नेपाळी आणि चिनी कुटुंबं आहेत. लेबनीज मात्र आपल्या कितीतरी आधीचे. १९७५ नंतरच्या यादवी युद्धाच्या काळात आलेली मॅरोनाइट ख्रिस्ती कुटुंबं या भागात स्थिरावली, आणि ‘अवर लेडी ऑफ लेबनॉन’ हे त्यांचं मोठं चर्च आजही इथेच आहे. रविवारी सकाळी चर्चबाहेर अरबी आणि दोन गल्ल्या पलीकडे गुजराती, असा सगळा मामला.

वय पाहिलं तर इथला मधला माणूस तिशीच्या आगेमागे असतो, देशातला ३८ चा. बायकांपेक्षा पुरुष जास्त. पदवीधरांचं प्रमाण देशाच्या २६ टक्के सरासरीच्या खूप वर. आकडे बाजूला ठेवून संध्याकाळी सात वाजता स्टेशनच्या जिन्याशी उभं राहिलात तरी हेच दिसेल: पाठीवर सॅक, हातात भाजीची पिशवी, कानात ‘हो आई, जेवतोय ना वेळेवर’. अंगावर बऱ्याचदा गोदामाचा नाहीतर सुपरमार्केटचा गणवेश, आणि सॅकमध्ये एमबीएची पुस्तकं.

मग लोकसंख्या घटली कशी? सगळे तर सिडनीलाच येताहेत.

बरोबर हेरलंत. २०१६ च्या जनगणनेत इथे ५,८०० च्या आसपास माणसं होती, २०२१ मध्ये ती ५,००० च्या आसपास आली. घरं काही पाडली नव्हती. जनगणनेची रात्र १० ऑगस्ट २०२१ ची होती. देशाच्या सीमा मार्च २०२० पासून बंद होत्या, परदेशी विद्यार्थ्यांना त्या पुन्हा उघडल्या त्या १५ डिसेंबर २०२१ ला. शिवाय त्या ऑगस्टमध्ये सिडनी टाळेबंदीत होतं. जुने गेले आणि नवे येऊ शकले नाहीत. पाणी सतत वाहतं तिथे वरचा नळ दीड वर्ष बंद राहिला तर पातळी खाली जाणारच. म्हणून २०२१ चे आकडे वाचून ‘हॅरिस पार्क ओस पडतंय’ असा निष्कर्ष काढू नका. पुढची जनगणना ऑगस्ट २०२६ ची आहे, जुळवून बघायचंच असेल तर त्या आकड्यांशी बघा.

इतकी घरं भाड्याची का?

देशात साधारण ३१ टक्के घरांत भाडेकरू राहतात. हॅरिस पार्कात दहापैकी सात घरांत. आणि हे घरांचं प्रमाण झालं, माणसांचं नव्हे. भाड्याच्या फ्लॅटमध्ये दाटीवाटी जास्त, तेव्हा माणसं मोजली तर साहजिकच पारडं आणखी झुकेल.

पहिलं कारण इमारती. देशात ७२ टक्के घरं स्वतंत्र, अंगणवाली. इथे बहुतेक सगळे फ्लॅट. त्यातही १९६०-७० च्या दशकांतल्या तीन मजली, बिनलिफ्टच्या विटांच्या इमारती बऱ्याच. दोन बेडरूम, छोटी गॅलरी, खाली पार्किंगची पट्टी. गुंतवणूकदाराने घ्यावं आणि भाड्याने द्यावं, असाच हा माल. मोठ्या कुटुंबाला आयुष्य काढायला तो अपुरा पडतो.

दुसरं कारण नोकरी आणि कॉलेज. पॅरामॅटाची ऑफिसं, वेस्टर्न सिडनी विद्यापीठाचा पॅरामॅटा कॅम्पस, वेस्टमीडची रुग्णालयं, सगळं हाकेच्या अंतरावर. गाडी नसली तरी चालतं.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. हॅरिस पार्क हा पहिला पत्ता आहे. ऑस्ट्रेलियात अजून कुणी ओळखत नाही, बँकेत खातं काल उघडलंय, हिंग कुठे मिळतं ते विचारायला शेजारी हवाय, अशा दिवसांसाठी ही जागा आहे. दीड-दोन वर्षांत नोकरी लागते, लग्न होतं, गाडी येते आणि माणूस पुढे जातो. त्याची खोली त्याच आठवड्यात विमानतळावरून आलेल्या दुसऱ्याला मिळते. तरुण वय, पुरुष जास्त, भाडेकरू जास्त, कोविडमध्ये घसरण, हे सगळे आकडे या एकाच गोष्टीच्या सावल्या आहेत. एसटी स्टँडवरच्या गर्दीचं सरासरी वय काढलं तर जे हाती लागेल, तसंच काहीसं.

मराठी माणसं भेटतात का?

भेटतात, पण आधी गुजराती, पंजाबी, नेपाळी, तेलुगू भेटतील. गुजराती तर इतकी कानावर पडते की मला सहा महिन्यांत ‘केम छो’च्या पुढे जाऊन भाव करता यायला लागला. मराठी कुटुंबं सिडनीभर पांगलेली आहेत. गणपती, दिवाळी, नाटक असलं की मराठी असोसिएशन सिडनीच्या कार्यक्रमांना एकत्र दिसतात. वडापाव मात्र विग्रम स्ट्रीटच्या परिसरात बारा महिने मिळतो. चटणी गोड लागली तर माझ्याकडे तक्रार करू नका.

भाडं किती पडेल?

आज एखादा आकडा लिहिला तर तुम्ही वाचेपर्यंत तो शिळा झालेला असेल. मोजमापाला एवढंच धरा: २०२१ च्या जनगणनेत न्यू साउथ वेल्सचं, म्हणजे सिडनी ज्या राज्यात आहे त्याचं, मधलं (मध्यक) भाडं आठवड्याला ४२० डॉलर होतं, आणि तेव्हापासून भाडी चांगलीच चढली आहेत. हॅरिस पार्कातला जुना बिनलिफ्टचा फ्लॅट पॅरामॅटातल्या नव्या टॉवरपेक्षा स्वस्त पडतो, हे मात्र कायम.

एक चूक सगळे करतात. इथे भाडं आठवड्याचं सांगतात, आणि आपण चाराने गुणून महिन्याचं समजतो. समजा आठवड्याला ५५० आहे. चाराने गुणलं तर २,२०० येतात. पण वर्षात ५२ आठवडे असतात, तेव्हा ५५० गुणिले ५२ भागिले १२ केलं की महिन्याला २,३८३ निघतात. हे वरचे १८३ डॉलर पहिल्या वर्षी पुष्कळांचं बजेट बिघडवतात.

डिपॉझिट आणि ब्रोकरेज?

ब्रोकरेज शून्य. एजंटचे पैसे घरमालक देतो. डिपॉझिटला इथे बाँड म्हणतात आणि तो चार आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. आगाऊ भाडं दोन आठवड्यांपेक्षा जास्त मागता येत नाही. ५५० च्या फ्लॅटला २,२०० बाँड आणि १,१०० आगाऊ, असे ३,३०० हाताशी ठेवा. मुंबईत डिपॉझिटपायी आईचे दागिने गहाण टाकलेल्यांना हे ऐकून हायसं वाटतं. बाँड मालकाच्या खिशात जात नाही, सरकारच्या फेअर ट्रेडिंग खात्याकडे जमा होतो. तो ऑनलाइन जमा करायचा पर्याय एजंटने द्यायलाच हवा. ‘बाँड रोख द्या, माझ्याकडेच ठेवतो’ म्हणणाऱ्यापासून दोन हात लांब.

‘इन्स्पेक्शन’ला जायचं म्हणजे काय?

शनिवारी सकाळी पंधरा मिनिटांसाठी फ्लॅट उघडतात. माझ्या दुसऱ्या घराच्या वेळी जिन्यात वीस-बावीस जण उभे होते. जिना इतका अरुंद की बघून खाली येणाऱ्याला भिंतीला पाठ लावून वाट द्यावी लागत होती. दारात एजंट फोनवर नावं टिपतोय, आत सगळे तेच दोन नळ सोडून बघताहेत. एक बाई टेप घेऊन फ्रीजची जागा मोजत होती. तिच्याकडून मी शिकलो, कारण जुन्या स्वयंपाकघरांत तो कोनाडा इतका अरुंद असतो की मोठा फ्रीज बसतच नाही.

काय बघायचं ते सांगतो. बाथरूमच्या छतावर बुरशीचे काळे ठिपके किंवा ताज्या रंगाचा एकच चौकोन. खिडक्या पश्चिमेला आहेत का, कारण पश्चिम सिडनीचा उन्हाळा विनोद नाही. ४ जानेवारी २०२० ला पेनरिथमध्ये ४८.९ अंश तापमान नोंदलं गेलं. वरच्या मजल्यावरचा, पश्चिममुखी, एसी नसलेला फ्लॅट जानेवारीत तव्यासारखा तापतो. आणि रुळांच्या बाजूच्या इमारतीत जाल तर खिडकी बंद करून एक गाडी जाऊ द्या, मग ठरवा.

जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा जास्त द्यायची तयारी दाखवू का?

एजंट किंवा मालक तुमच्याकडे जास्त बोली मागू शकत नाही, तो नियमभंग आहे. घराची जाहिरातसुद्धा ठरावीक आकड्यानेच करावी लागते. अर्ज तपासण्याचे किंवा लीज बनवण्याचे पैसेही घेता येत नाहीत.

मी नवीन आहे, आधीचा भाड्याचा इतिहास नाही. अर्ज कोण मंजूर करेल?

अवघड आहे, खोटं कशाला सांगू. एजंटला ओळखपत्रं, उत्पन्न आणि आधीच्या मालकाचा दाखला हवा असतो. तिसरं नसेल तर पहिली दोन भक्कम ठेवा: पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचं पत्र किंवा पगाराच्या पावत्या, बँकेतली शिल्लक. भारतात भाड्याने राहिला असाल तर तो करार आणि मालकाचं इंग्रजीतलं चार ओळींचं पत्र जोडा. सोबत अर्धं पान स्वतःबद्दल लिहा. ‘आम्ही दोघं, धूम्रपान नाही, दोघांनाही नोकरी’ एवढं पुरतं. पहिले आठ-दहा अर्ज नाकारले जातात. मनाला लावून घेऊ नका.

भारतातूनच खोली पक्की करून पैसे पाठवू का?

नाही.

पहिले दोन आठवडे ओळखीच्याकडे किंवा तात्पुरत्या खोलीत काढा, जागा डोळ्यांनी बघा आणि मगच पैसे द्या. चोरलेले फोटो लावून बाँड लाटणारे पुष्कळ आहेत, आणि ते मराठीतही गोड बोलतात.

हॉल शेअरिंग म्हणतात ते काय? त्यात राहावं का?

दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीत दोघं आणि हॉलमध्ये पडदा लावून आणखी एक किंवा दोन. पडद्याआडच्या गादीचं भाडं कमी. मी पहिले तीन महिने तसाच राहिलो. पडदा म्हणजे हिरव्या फुलांची चादर होती, नायलॉनच्या दोरीवर चिमट्यांनी लावलेली. रात्रपाळीचा नेपाळी मित्र पहाटे पाचला आला की फ्रीजचा दिवा त्या चादरीतून माझ्या तोंडावर पडायचा. तोही बिचारा हलक्या हाताने दार लावायचा. लावून लावून किती हलक्या हाताने लावणार?

यात कायद्याची मेख अशी आहे. लीजवर ज्याचं नाव, तो मुख्य भाडेकरू. त्याच्याशी लेखी भाडेकरार न करता तुम्ही त्याच्यासोबत राहत असाल, तर राज्याचा २०१० चा भाडेकरू कायदा तुम्हाला लागू होत नाही. बाँड सरकारजमा होत नाही, नोटिशीची मुदत नाही, ‘उद्या निघ’ म्हणाला तर हातात फारसं काही उरत नाही. आणि त्याने मालकाच्या परवानगीशिवाय तुम्हाला ठेवलं असेल तर त्याचीच लीज धोक्यात, मग सगळेच रस्त्यावर. तेव्हा किमान तीन गोष्टी करा. जे ठरलं ते कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. पैसे बँकेतून पाठवा आणि व्यवहारात ‘बाँड’ असा शेरा लिहा. आणि मालकाची परवानगी आहे का, ते तोंडावर विचारा. उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो, त्यावरून कळतंच.

पाच माणसांच्या फ्लॅटमध्ये सहावं येऊ घातलं तर तुम्ही सातवे होऊ नका. आग लागली तर बाहेर पडायला दार एकच असतं.

फ्लॅटमध्ये काय काय मिळतं?

शेगडी, ओव्हन, बाथरूम आणि कार्पेट. पंखा नसतो, फ्रीज नसतो. जुन्या इमारतींत कपडे धुवायची खोली बऱ्याचदा सामाईक असते. वीज, गॅस, इंटरनेट तुमच्या नावावर घ्यावं लागतं. पाण्याचं बिल फ्लॅटला वेगळं मीटर असेल तरच भाडेकरूकडून घेता येतं, आणि अशा जुन्या इमारतींत वेगळं मीटर सहसा नसतं.

फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजतो. त्याला पिशवी बांधणं किंवा सेल काढून ठेवणं बेकायदा आहे, आणि मूर्खपणाही. खिडकी उघडा, मग तेल तापवा.

मालकाने भाडं वाढवलं तर?

बारा महिन्यांत एकदाच वाढवता येतं, आणि साठ दिवस आधी लेखी कळवावं लागतं. वाढ अवाच्या सवा वाटली तर नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत एनकॅट या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तिथे ‘मला परवडत नाही’ या मुद्द्यावर निभाव लागत नाही. आसपासच्या तशाच फ्लॅटची भाडी दाखवावी लागतात, म्हणून जाहिरातींचे स्क्रीनशॉट जमवा. बरेच जण तिथवर जात नाहीत, एजंटला सभ्य ईमेल लिहून थोडं कमी करून घेतात. तेही जमतं.

मनात आलं म्हणून बाहेर काढू शकतात का?

१९ मे २०२५ पासून नाही. त्याआधी लीज संपली की कारण न देता नोटीस देता येत असे, आणि त्या भीतीपोटी लोक गळका नळसुद्धा सांगत नसत. आता कायद्यात दिलेलं कारण लागतं: विक्री, मोठी दुरुस्ती, मालक स्वतः राहायला येणं वगैरे. भाडं थकवलंत तर संरक्षण अर्थातच पातळ होतं.

लीज मध्येच मोडली तर किती भुर्दंड?

तीन वर्षांपर्यंतच्या लीजला ठरावीक दर आहे. पाव मुदत व्हायच्या आत सोडलं तर चार आठवड्यांचं भाडं, अर्धी व्हायच्या आत तीन, पाऊण व्हायच्या आत दोन, त्यानंतर एक. म्हणजे ५२ आठवड्यांच्या लीजमध्ये तीस आठवड्यांनी मेलबर्नला नोकरी लागली तर ५५० च्या हिशेबाने १,१०० डॉलर. वर्षभराचं उरलेलं भाडं भरावं लागेल, ही अफवा आहे. एजंट ती दुरुस्त करायची घाई करत नाहीत.

बाँड पूर्ण परत मिळतो का?

मिळतो, पण त्याची तयारी पहिल्या दिवशी करायची असते, शेवटच्या नाही. घरात शिरताना एजंट ‘कंडिशन रिपोर्ट’ देतो. तो सात दिवसांत तपासून, भरून परत द्यायचा. माझ्या पहिल्या फ्लॅटला मी तो आळसापोटी नुसती सही करून दिला. सोडताना एजंट ओव्हनमध्ये डोकं घालून म्हणाला, हा डाग तुमचा. डाग माझ्या आधीच्याच्या आधीच्याचा असावा, ओव्हन मी कधी पेटवलाही नव्हता. आम्ही त्यात कढया ठेवायचो! पण सही माझी होती. दीडशे डॉलर गेले. दुसऱ्या घरात मी ओव्हन, जाळीचं दार, कार्पेटचे कोपरे, गिझरमागची भिंत असे शंभरावर फोटो काढले आणि तारखेसकट ईमेल केले. ते घर सोडताना कुणी ओव्हन उघडूनही बघितला नाही.

घर सोडलं की बाँडसाठी ऑनलाइन अर्ज तुम्हीच आधी करा. मग हरकत घ्यायची तर ती समोरच्याला मुदतीत घ्यावी लागते. सामान्य झीज तुमच्या माथी मारता येत नाही.

भाडं भरत बसण्यापेक्षा इथेच फ्लॅट विकत घ्यावा का?

तात्पुरत्या व्हिसावर असाल तर प्रश्नच मिटतो. १ एप्रिल २०२५ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत परदेशी व्यक्तींना जुनं घर घ्यायला बंदी आहे, त्यात तात्पुरते रहिवासीही आले. नवं घर घेतलं तर न्यू साउथ वेल्समध्ये मुद्रांक शुल्कावर आणखी ९ टक्के अधिभार बसू शकतो.

पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, झाल्यावर गोष्ट बदलते. पहिलं घर आठ लाख डॉलरपर्यंतचं असेल तर मुद्रांक शुल्क माफ, दहा लाखांपर्यंत सवलत. पाच टक्के भरून घर घेण्याची केंद्राची हमी-योजना ऑक्टोबर २०२५ पासून रुंदावली आहे. हॅरिस पार्कातला जुना फ्लॅट या चौकटीत आरामात बसतो, म्हणून मोह होतो.

माझं मत विचाराल तर राहण्यासाठी, जरा मोठा, चांगल्या इमारतीतला फ्लॅट जरूर घ्या. किंमत दुप्पट होईल या आशेने घेऊ नका. अशा फ्लॅटच्या किमती अंगणवाल्या घरांसारख्या पळत नाहीत, कारण पळते ती जमीन, आणि फ्लॅटच्या वाट्याला ती टीचभर येते. स्ट्रॅटा म्हणजे आपल्या सोसायटीचा मेंटेनन्स, तो दर तिमाहीला येतो. सह्या करण्याआधी स्ट्रॅटाचे मागचे कागद वाचा. पन्नास वर्षांच्या इमारतीत छत, गटाराच्या नळ्या आणि गॅलरीचे कठडे एकदमच जवाब देतात. ज्या इमारतीत बहुतेक मालक बाहेर राहतात तिथे दुरुस्तीला कुणी हात वर करत नाही, आणि इथे बहुतेक इमारती तशाच आहेत. शिवाय मे २०२२ ते नोव्हेंबर २०२३ या दीड वर्षात ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेचा व्याजदर ०.१० वरून ४.३५ टक्क्यांवर गेला होता. तो धक्का तुमचं बजेट सोसेल का, ते आधी कागदावर मांडा.

रात्री सुरक्षित आहे का?

२००९ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध तरुण इथल्या रस्त्यांवर उतरले होते. तुमच्या घरच्यांना आठवतं ते तेच. आज विग्रम स्ट्रीटवर रात्री अकरालाही पानाच्या दुकानापाशी गर्दी असते, आणि गर्दी हीच राखण. रुळांखालच्या सुनसान बोगद्यातून एकट्याने फोन बघत जायचं मात्र टाळा. ते मी पुण्यातही टाळतो.

आई-वडील सहा महिन्यांसाठी येणार आहेत. त्यांना करमेल का?

सिडनीत कुठे करमलं तर इथेच. गाडी न चालवता देऊळ-दुकान-बाग होते, हिंदीत भाजी घेता येते. माझे वडील रोज सकाळी एक्सपेरिमेंट फार्मपर्यंत चालत जायचे. तिथे त्यांना बडोद्याचे एक निवृत्त शिक्षक भेटले आणि दोघांनी मिळून ऑस्ट्रेलियाच्या शेतीवर बरीच टीका केली. फक्त तिसऱ्या मजल्यावरचा बिनलिफ्टचा फ्लॅट घेऊ नका. आईचे गुडघे दुसऱ्या आठवड्यात बोलायला लागतील.

पुढे हा भाग महाग होईल का?

वेस्टमीड ते कार्लिंगफोर्ड लाइट रेल डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिचे थांबे हॅरिस पार्कच्या कडेपासून चालत गाठता येतात. पॅरामॅटाला मेट्रो २०३२ मध्ये यायची आहे, तेव्हा मुख्य शहर वीस मिनिटांवर येईल. पॅरामॅटाचे टॉवर दर वर्षी जवळ सरकतात. जुन्या कॉटेजांच्या गल्ल्यांना वारसा-संरक्षण आहे, म्हणून विग्रम आणि मॅरियन स्ट्रीटवर अजून बैठ्या घरांच्या व्हरांड्यात बसून डोसा खाता येतो. भाडी त्यामुळे थांबतील असं मला वाटत नाही.

सोडून गेलेले लोक जातात कुठे?

वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल, टून्गॅबी, ब्लॅकटाउन, आणि पगार वाढला की वायव्येकडची नवी उपनगरं. किराणा भरायला मात्र शनिवारी परत इथेच येतात आणि पार्किंग मिळत नाही म्हणून चिडतात.

घर बदललं. जुन्या पत्त्यावर येणाऱ्या पत्रांचं काय?

पत्ता चौदा दिवसांत लायसन्सवर बदला. बँक आणि व्हिसाच्या खात्यातही कळवा. ऑस्ट्रेलिया पोस्टला पैसे भरले की काही महिने टपाल नव्या पत्त्यावर वळवतात. हे कुणी करत नाही. माझ्या शेवटच्या फ्लॅटच्या पत्रपेटीत एका वर्षात अकरा वेगवेगळ्या नावांची पाकिटं आली: पटेल, थापा, रेड्डी, कौर, एक खौरी, आणि एक जोशी. जोशींची तीन होती. मी त्यांना शोधायचा प्रयत्न केला, तेव्हा कळलं की ते दोन वर्षांपूर्वीच ॲडलेडला गेले.